आंघोळ कोणी घातली?

डॉक्टर, तुमच्या क्वार्टरच्या दारात उभं राहून मी जो पहिला प्रश्न विचारला, तो तुमचाच होता. "आंघोळ कोणी घातली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ओट्यावर निम्मं हॉस्पिटल जमलं होतं. सिस्टर रडत होत्या, कंपाउंडर भिंतीला टेकून बसला होता, आणि मी, रिटायर झालेला फौजदार, चपला पायात तशाच ठेवून हे विचारत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबांचं डोकं ठिकाणावर न्हाई." खरंच नव्हतं. अजूनही नाही. काल दौंडला तुमच्या जलदान विधीला जाऊन आलो, तुमच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, हात जोडले, आणि तरी आज सकाळी उठल्यावर वाटलं, आज बाजाराचा दिवस, डॉक्टर जाताना चहाला थांबतील. दुधाचं भांडंसुद्धा बाहेर काढलं होतं मी.

मला सांगायला नामदेव आला होता. तुमचा नामदेव, शवागारातला. सायकल अंगणात आडवी टाकली आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब गेलं." मी विचारलं, "कुठले डॉक्टर?" शिरूरमध्ये डॉक्टर पुष्कळ आहेत, पण माझ्या घरात 'डॉक्टर' म्हटलं की एकच माणूस, हे नामदेवला काय ठाऊक नव्हतं? मला तेवढ्यापुरता दुसरा कुणीतरी डॉक्टर हवा होता. कुणीही चालला असता.

तुम्ही पांढऱ्या चादरीवर नीट झोपला होता. फारच नीट. हात छातीवर, पाय सरळ, केस विंचरलेले, अंगाला साबणाचा वास. जिवंतपणी तुमचे केस असे विंचरलेले मी कधी बघितले नाहीत. मी तुमचा हात हातात घेतला. तुमच्याच बरोबर इतकी वर्षं प्रेतांशेजारी उभा राहिलो, गार हात मला काही नवा नाही. पण तुमचा लागला तसा चटका बसल्यासारखा सोडून दिला. मग पुन्हा धरला. आणि मग, तुम्हाला राग येणार नाही म्हणून सांगतो, माझा हात आपोआप तुमच्या कोपराकडं गेला. वाकतोय का बघायला. वाकत होता. बोटं ताठ, मान ताठ, आणि कोपर मात्र ढिला. तुम्ही शिकवलेलं लगेच आठवलं. अंग एके ठिकाणी ताठ आणि मधेच ढिलं असलं, तर तिथं कुणीतरी जोर लावलेला असतो.

म्हणून तसाच दारात येऊन तो प्रश्न विचारला. ओट्यावरच्या लोकांना काय माहीत, तो प्रश्न कुठून आला.

मला माहीत आहे, कारण मी तिथं होतो. तुम्ही नुकतेच शिरूरला हजर झाला होता, मीही ठाण्याला नवा होतो. घोडनदीच्या पलीकडच्या गावातून निरोप आला की एक म्हातारा अचानक गेलाय, पुतण्यानं काहीतरी केलंय, घाईनं जाळायला निघालेत. आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. म्हाताऱ्याला आंघोळ घालून, नवं धोतर नेसवून अंगणात ठेवलं होतं. मी तुम्हाला जीप पाठवून बोलावून घेतलं. बांधाच्या वादात चुलत्या-पुतण्याची आदल्या महिन्यात मारामारी झाली होती, आणि पुतण्या त्या दिवशी भल्या पहाटे घरी आला होता. मला एवढंच हवं होतं की म्हातारा पहाटेनंतर गेला की आधी.

"अंदाज सांगा," मी म्हणालो.

"पोस्टमॉर्टेम झाल्यावर सांगतो."

"तोवर हे गाव माझ्या अंगावर येईल. आत्ता सांगा."

तुम्ही काखेत हात घातला. ऊब होती. गुडघा वाकवला. वाकला. "दोन-तीन तास झाले असतील," तुम्ही म्हणालात, आणि मी पुतण्याला जीपमध्ये घातलं. तो सारखा सांगत होता की मी दौंडला रेल्वेत आहे, काल रात्रपाळीला होतो, पहाटेच्या गाडीनं आलो, आलो तवा चुलता भिंतीकडं तोंड करून झोपलेला, म्हणून उठवला न्हाई. असं सगळेच म्हणतात.

दुपारी तुम्ही ठाण्यात आलात. पी.एम. करून थेट. माझ्या सगळ्या स्टाफसमोर म्हणालात, "फौजदार, मी चुकलो. सोडा त्याला." मी तुम्हाला आतल्या खोलीत ओढायला लागलो, तर तुम्ही जागचे हलेनात. म्हाताऱ्याच्या उजव्या कुशीला खांद्यापासून मांडीपर्यंत रक्त साकळून जांभळं झालेलं, बोटानं दाबलं तरी फिकं होत नव्हतं. म्हणजे तो मेल्यावर बराच वेळ, जवळजवळ रात्रभर, उजव्या कुशीवर पडून होता, पुतण्या यायच्या कितीतरी आधीच गेलेला. आणि आम्हाला तर तो उताणा, सैल, उबदार असा मिळाला होता. संध्याकाळी आपण दोघं पुन्हा त्या गावात गेलो. म्हाताऱ्याची भावजय ओसरीवर बसली होती. तिनं काहीही लपवलं नाही, लपवण्यासारखं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं.

"लाकडागत झालता वो. गुडगं पोटाशी. असा कसा निजवायचा तिरडीवर? मंग ऊन ऊन पाणी वतलं, दोघींनी गुडगं दाबलं, तवा कुठं सरळ झाला."

तुम्ही तिच्यावर चिडला नाहीत. तिनं केलं ते आपल्याकडं सगळेच करतात, माणसाला वेडंवाकडं कुणी पाठवत नाही. ऊन पाण्यानं काखेला ऊब आली होती, आणि एकदा जोर लावून मोडलेला ताठरपणा परत येत नाही. येताना जीपमध्ये तुम्ही मला हे सगळं समजावून सांगितलं, आणि तेही माझ्यासाठी नाही, स्वतःसाठीच पुटपुटत होता. त्या दिवसानंतर कुठल्याही घरी गेलात की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. मयताला हात लावायच्या आधी बायकांकडं वळून, "आंघोळ कोणी घातली?" लोकांना वाटायचं, डॉक्टर विचित्र आहे. आणि ही चूक तुम्ही दाबून ठेवली असती तर कुणाला कळलीही नसती. पण नवा डॉक्टर आला, नवा फौजदार आला, की तुम्ही आपण होऊन सांगायचा. मला लाज वाटायची, तुम्हाला नाही.

त्याच दिवसापासून तुम्ही दुसरंही एक सुरू केलंत, आणि त्यावरून आपलं जे जुंपलं ते शेवटपर्यंत. तुम्ही परत कधीच एक वेळ सांगितली नाहीत. 'पासून' आणि 'पर्यंत'. 'अमुक ते अमुकच्या दरम्यान.' उन्हाळा असला तर असं, थंडी असली तर तसं, माणूस बारीक असेल तर हे, पाण्यात पडलेला असेल तर ते. एका खुनाच्या केसमध्ये सेशन कोर्टात आरोपीच्या वकिलानं तुम्हाला तीन-तीनदा विचारलं, "डॉक्टर, नक्की किती वाजता?" आणि तुम्ही शांतपणे, "नक्की सांगता येणार नाही." माझी केस तिथंच बसली. परत येताना मी सणसवाडीपर्यंत तुमच्याशी बोललो नाही. मग तिथं चहाला उतरलो तेव्हा राहवलं नाही.

"तुमच्यापेक्षा एस.टी. बरी, डॉक्टर. बोर्डावर एक वेळ तरी लिहिते."

"आणि येते कधी?" तुम्ही म्हणालात, आणि बशीत चहा ओतून फुंकर मारायला लागलात.

मला हसू आलं होतं. पण हसलो नाही, तेवढा राग शिल्लक होता.

त्याच सणसवाडीत पुढं तो परप्रांतीय पोरगा सापडला. पत्र्याची खोली, चौघं मिळून भाड्यानं राहायचे, कंपनीत पाळ्या वेगवेगळ्या. तो आजारी म्हणून खोलीत राहिला, आणि दुसऱ्या पाळीवरून आलेल्यानं दार उघडलं तेव्हा गेलेला. पत्रा असा तापला होता की आत उभं राहवत नव्हतं. त्या उकाड्यात अंग लवकर ताठतं आणि लवकर सुटतंही, म्हणून तुमचा 'पासून-पर्यंत' नेहमीपेक्षाही लांबला. एस.टी.डी. बूथवरून त्याच्या भावाला आपण फोन लावला. त्यानं काय झालं, कसं झालं हे काही विचारलं नाही. "साहब, कितने बजे?" एवढंच. तुम्ही म्हणालात, "दोपहर से शाम के बीच." मग तो म्हणाला, "दोपहर को हम खेत में हँस रहे थे." तुम्ही फोन ठेवला नाहीत. तो रडेपर्यंत आणि रडून होईपर्यंत कानाला लावून उभे राहिलात. मी बाहेर जीपपाशी आलो, कारण मला ते ऐकवेना.

"एक वेळ सांगून टाकायची होती," मी म्हणालो. "सकाळची सांगायची, सकाळी नसेल हसत. तुमचं काय गेलं असतं?"

"पोलिसांना वेळ आरोपीसाठी लागते," तुम्ही म्हणालात. "घरच्यांना स्वतःसाठी लागते. आपण तेव्हा काय करत होतो, हे त्यांना बघायचं असतं. त्यात मी खोटं घातलं तर ते जन्मभर त्या खोट्याला धरून बसणार."

"मग बसू द्या की. खऱ्याला धरून तरी काय मिळतंय?"

तुम्ही चष्मा पुसत राहिलात. हा वाद आपण किती वेळा केला असेल. माझ्या ओट्यावर, तुमच्या क्वार्टरमध्ये, माझी दौंडला बदली झाली तेव्हा तिथल्या तुमच्या घरी जेवताना, तिथंच शाळेत शिकवणाऱ्या वहिनी पोळ्या वाढत असताना. वहिनींनी कधी त्यात तोंड घातलं नाही. ते का, हे मला काल कळलं.

आणखी एक सांगायचं राहून गेलं होतं, ते इथं सांगून टाकतो. खेड्यात मयताच्या घरी आपण गेलो की मला पाणी पुढं यायचं, आणि तुमच्यापुढं तांब्या आणताना एखाद्या घरात माणूस जरा घुटमळायचा. तो घुटमळायच्या आतच तुम्ही म्हणायचा, "मला नको. ड्यूटीवर मी पाणी पीत नाही." मी ते खरंच मानलं होतं. तुमचा नियम असेल म्हटलं, तुमचे नियम काय कमी होते? मग एकदा माझ्याच भावकीत तसा प्रसंग आला, आणि तुम्ही तेच वाक्य बोललात, आणि मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. त्या घरी मी परत पाणी प्यालो नाही. तुम्हाला ते कळलं होतं का, हे विचारायचं राहिलं.

तर त्या दिवशी. "आंघोळ कोणी घातली?" मी विचारलं, आणि नामदेव पुढं आला. नामदेव, ज्यानं तुमच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, जो गावोगावच्या बायकांना दरडावून सांगायचा की डॉक्टरसाहेब येईस्तोवर मयताचा हात सरळ करू नका.

"म्याच, साहेब," तो म्हणाला. "आन् कंपाउंडरनं."

"कसे होते?"

"कॉटपाशी खाली. उजवा हात अंगाखाली. पाय आखडल्यालं." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "बाई दौंडहून निघाल्या व्हत्या. त्यांना असं बघू द्यायचं? पाणी तापवलं, आंघूळ घातली, कापडं बदलली."

"नामदेव, तुला माहीत होतं ना?"

"साहेब, मला काय बी आठवलं न्हाई. दुसरा कोण आसता तर बॉडी म्हणून बघितला आसता. ह्यो तर आपला माणूस."

मी त्याला जवळ घेतलं, आणि घेता घेताच विचारलं, किती ताठ होते. माझी मलाच शिसारी आली, पण विचारलं. "जबड्यापासून अंगठ्यापत्तोर लाकूड," तो म्हणाला. नव्या डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला होता, पी.एम. झालं नाही. बरोबरच झालं. तुमच्यावर हत्यार चालवायला या तालुक्यात कोण तयार झालं असतं?

थोड्या वेळानं वहिनी आल्या. रडल्या नाहीत. उशाशी बसल्या आणि तुमचे ते विंचरलेले केस विस्कटले. अगदी हळू, तुम्ही असता तसे. सगळी बायामाणसं त्यावर रडली. आणि मी, डॉक्टर, मी पायाशी उभा राहून विचार करत होतो की तुमची पाठ बघता आली असती तर बरं झालं असतं. खांद्याखाली हात घालून एकदा कुशीवर वळवलं असतं की झालं. एवढी वर्षं तुमच्याकडून जे शिकलो, ते मला तुमच्याकडं माणूस म्हणून बघू देत नव्हतं. मी बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं.

तरी फौजदाराची खोड जात नाही. अग्नी दिल्यावर दुसऱ्याच दिवशी मी विचारपूस केली. दिवस मावळता मावळता सिस्टरनं तुम्हाला ओट्यावर उभं बघितलं होतं, म्हणजे तोवर तुम्ही होता. सकाळी दिवा चालू होता, पण त्या संध्याकाळी भारनियमन होतं. बटण दाबून ठेवलं आणि वीज मग आली, असंही झालं असेल. पातेल्यात दूध तापवलेलं होतं, चहा केलेला नव्हता. थंडीचे दिवस. अंगभर लाकूड. तुमच्यासारखाच हिशोब केला आणि माझ्या हातात तुमच्यासारखंच आलं. दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत. यापेक्षा बारीक काही निघेना. तुम्ही वर बसून हसला असाल, पण वर वगैरे काही नसतं म्हणायचात, तेव्हा तेही जाऊ दे.

काल विधी झाला, पंचशील म्हटलं, माणसं जेवली आणि पांगली. दौंडचं तुमचं घर एकदम मोठं वाटायला लागलं. वहिनी शाळेच्या वह्यांचा गठ्ठा खुर्चीवरून उचलून मला बसायला देत होत्या, ज्या खुर्चीवर तुम्ही रविवारी बसायचा. मी सतरंजीवरच बसलो. त्या समोर बसल्या.

"भाऊजी, तुम्ही दारात विचारलंत म्हणे, आंघोळ कोणी घातली."

मी मान खाली घातली.

"काय कळलं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या रविवारी तुम्ही दौंडला आला नव्हता, काहीतरी काम निघालं म्हणून. बदली मागायचं तुम्ही दरवर्षी पुढं ढकलत होता, त्यावरून फोनवर बोलाचाली झाली होती. दोन दिवस तुम्ही दोघंही बोलला नव्हता. मग त्या संध्याकाळी, बातम्या झाल्यावर, वहिनींनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"मला वाटलं, रुसलेत. म्हटलं, राहू दे मग. शेजारच्या सिस्टरचा नंबर होता माझ्याकडं. नाही लावला." त्यांनी टेलिफोनकडं बघितलं. "भाऊजी, मला एवढंच सांगा. फोन वाजत होता तेव्हा ते होते का? खाली पडून ऐकत होते का?"

डॉक्टर, तुमची रिंग क्वार्टरबाहेर रस्त्यावर ऐकू यायची इतकी मोठी होती. मोबाईल घ्या म्हणून मी मागं लागलो होतो, तर तुम्ही म्हणालात, एवढी रिंग असताना मोबाईल कशाला.

मी तयारी करून आलो होतो. इतकी वर्षं तुमच्याशी भांडलो ते याच्यासाठी. एक वेळ सांगायची, ठाम सांगायची आणि माणसाला मोकळं करायचं. पण ताठ जबड्याच्या जागी मला तुमचा चष्मा पुसणारा चेहरा दिसत होता. "वहिनी," मी म्हणालो, "तुम्हाला त्यांचं माहीत आहे. ते कधी एक वेळ सांगत नव्हते."

"सांगितली होती," वहिनी म्हणाल्या. "एकदा."

मला वाटलं, मी चुकीचं समजतोय.

"माझे वडील, आमचे दादा, इथंच गेले, या खोलीत. तुम्ही दौंडला यायच्या आधी. सकाळी त्यांना बरं वाटत नव्हतं, पण शाळेत तपासणी होती म्हणून मी गेले. झोपलेत म्हणून हाक न मारताच. दुपारी आले तर संपलेलं. हे शिरूरहून आले, बघितलं, आणि मला म्हणाले, तू घरातून निघायच्या आधीच गेले होते. तू थांबली असतीस तरी काही झालं नसतं. असं अगदी ठाम. मी विचारलं, नक्की? म्हणाले, नक्की."

डॉक्टर, कोर्टात जजसमोर जे तुमच्या तोंडून निघालं नाही, त्या पोराच्या भावासाठी निघालं नाही, माझी केस बुडाली तरी निघालं नाही, ते तुम्ही इथं, या सतरंजीवर बसून बोललात. आणि त्यानंतर माझ्याशी वाद घालत राहिलात, वहिनी पोळ्या वाढत असताना. मला तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असता तर मी उठून गेलो असतो. आणि लगेच मला रडूही आलं, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

वहिनी म्हणाल्या, "मी निघताना दादांनी कूस बदलली होती, भाऊजी. मी दारातून बघितलं होतं."

"मग?"

"मग काय? मी मान हलवली. त्यांना वाटलं, मी मानलं."

"तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही?"

"कशाला सांगायचं? हा माणूस कुणासाठी करत नाही ते माझ्यासाठी करत होता."

बाहेर रेल्वेची शिटी वाजली. दौंडला ती सारखी वाजतच असते, घरात कुणी तिकडं लक्ष देत नाही. वहिनींनी पदरानं डोळे पुसले, आणि माझ्याकडं सरळ बघितलं, शाळेत मुलांकडं बघतात तसं.

"आता तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

"दिवेलागणीला," मी म्हणालो. "लगेच. एका क्षणात. फोनच्या कितीतरी आधी."

"नक्की?"

"नक्की, वहिनी."

त्यांनी मान हलवली.

मी उठलो, चपला घातल्या, न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस.टी.त बसलो आणि शिरूरला आलो. तुम्ही असता तर वाटेतलं पारगाव यायच्या आत मी तुम्हाला धारेवर धरलं असतं. घरी आलो, ओट्यावर बसलो. मी जिंकलो म्हणायचं होतं. पण वहिनींनी ज्या तऱ्हेनं मान हलवली, ती माझ्या डोळ्यापुढून जात नाही. दादा गेले त्या दिवशी तुम्हीही ती बघितली असणार, आणि तुम्हाला कळलंही असणार, आणि म्हणूनच तुम्ही पुन्हा कुणाला तसं सांगितलं नसेल. की तुम्हाला कळलंच नव्हतं? हे आता कुणाला विचारू?

त्या संध्याकाळी भारनियमन होतं, डॉक्टर, म्हणून मी ओट्यावर बसून पोरांना भुताच्या गोष्टी सांगत होतो. पोरं ओरडत होती आणि मी हसत होतो. वीज आली तेव्हा पोरं घरी पळाली आणि मी भाकरी खाल्ली. यात तुमचं जाणं नक्की कुठं होतं, पोरं ओरडत होती तेव्हा की भाकरी खाताना, हे मी आठवडाभर लावून बघतोय. वहिनींना एक वेळ सांगितली, पण मला स्वतःला ती पटत नाही. तुम्ही म्हणायचा, पोलिसांना वेळ आरोपीसाठी लागते आणि घरच्यांना स्वतःसाठी. मला ती वेळ अजून पाहिजे, डॉक्टर. आणि यात आरोपी तर कुणीच नाही.